कूटचलन-जालांचे संरचनालेखन

कूटचलन-जालांचे संरचनालेखन : कूटलेखनाच्या तंत्रावर चालणाऱ्या चलनांची (क्रिप्टोकरन्सी) नोंदवही सांभाळणारे हजारो संगणक परस्परांशी कसे जोडलेले असतात, हे शोधून त्याचा आराखडा मांडण्याची विद्या. बिटकॉइन हे या चलनांपैकी पहिले व सर्वांत मोठे चलन होय. अशा चलनाला टांकसाळ, मध्यवर्ती बँक वा मुख्य कार्यालय नसते. सहभागी संगणकांची अधिकृत यादी कोठेही ठेवलेली नसते आणि कोणता संगणक कोणाशी जोडलेला आहे याची नोंद कोणाजवळही नसते. त्यामुळे जालाचा नकाशा त्याच्या रचनाकारापाशीही नव्हता. तो बाहेरच्या अभ्यासकांना अप्रत्यक्ष खुणांवरून काढावा लागला. २०११ पासून सुरू झालेल्या या प्रयत्नांचा इतिहास दोन कारणांनी महत्त्वाचा ठरतो. या जालांना केंद्र नाही, हे त्यांच्या प्रवर्तकांचे मुख्य प्रतिपादन कितपत खरे आहे, हे त्यामुळे प्रथमच मोजता आले. दुसरे असे की, नकाशा हाती असणाऱ्यास जालावर व त्यातील माणसांवर सत्ता मिळते, ही गोष्टही त्यातून उघड झाली.

या अभ्यासात दोन निरनिराळ्या जालांचा विचार करावा लागतो. पहिले संदेशजाल : यात संगणक हे बिंदू व त्यांच्यामधील इंटरनेट-जोडण्या या रेषा असतात. दुसरे व्यवहारजाल : यात पैशाचे पत्ते हे बिंदू व एका पत्त्यावरून दुसऱ्यावर झालेली देवघेव या रेषा असतात. संदेशजाल हेतुपुरस्सर झाकलेले असते. व्यवहारजाल मात्र पहिल्या दिवसापासून सर्वांना खुले आहे. या दोहोंतील गल्लत टाळली, तरच पुढील इतिहास नीट समजतो.

पूर्वपीठिका : बिंदू आणि रेषा यांच्या साहाय्याने जोडण्यांचा विचार करण्याची पद्धत लेओनार्ट ऑयलर यांनी १७३६ मध्ये क्यूनिग्झबर्ग येथील सात पुलांच्या कोड्याच्या निमित्ताने घालून दिली [⟶ आलेख सिद्धांत]. विसाव्या शतकात पॉल एर्डश व आल्फ्रेड रेन्यी यांनी यादृच्छिक आलेखांचा सिद्धांत मांडला (१९५९-६०). अमेरिकेतील रँड संस्थेतील पॉल बॅरन यांनी १९६४ मध्ये दळणवळण-जालांचे तीन प्रकार आकृतीने दाखविले : एकाच केंद्राचे, अनेक उपकेंद्रांचे आणि सर्वत्र सारखे विखुरलेले. अणुहल्ल्यातही तगून राहणारे दळणवळण कसे उभारावे, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता व तिसरा प्रकार हे त्यांचे उत्तर होते. १९९९ मध्ये ऑल्बर्ट-लास्लो बाराबाशी व रेका ऑल्बर्ट यांनी असे दाखविले की, प्रत्यक्षातील अनेक जालांत थोड्या बिंदूंना फार जास्त व बहुसंख्य बिंदूंना फार थोड्या जोडण्या असतात. अशी जाले अपघाताने होणारी मोडतोड सहज सोसतात. मात्र निवडक बिंदूंवर घाला पडल्यास ती लवकर कोसळतात. एखाद्या जालाचा आकार माहीत असणे हे त्याच्या शत्रूलाही उपयोगी असते, हा धडा येथूनच मिळाला.

ज्यात सेवा देणारा व सेवा घेणारा असा भेद नसून प्रत्येक संगणक दोन्ही कामे करतो, त्यास समकक्ष जाल म्हणतात. १९९९ मध्ये निघालेल्या नॅप्स्टर या संगीत-देवघेवीच्या सेवेत गाण्यांची सूची एकाच ठिकाणी होती. न्यायालयीन आदेशांमुळे ती बंद पडताच २००१ मध्ये सर्व सेवा थांबली. २००० मध्ये आलेल्या ग्नुटेला या जालात अशी सूचीच ठेवलेली नव्हती. शिकागो विद्यापीठातील मातेइ रिपेआनू, आड्रियाना याम्निची व इअन फॉस्टर यांनी त्याचा माग काढण्यासाठी एक फिरती आज्ञावली तयार केली. ती एका संगणकाला त्याचे शेजारी विचारी, मग त्या शेजाऱ्यांना त्यांचे शेजारी विचारी व याप्रमाणे पुढे सरके. नोव्हेंबर २००० ते मे २००१ या काळात जाल सु. दोन हजार संगणकांवरून सु. अठ्ठेचाळीस हजारांवर गेल्याचे त्यांना आढळले. या जालाची ठेवण व त्याखालील इंटरनेटच्या तारांची ठेवण यांचा मेळ बसत नाही, हाही त्यांचा एक निष्कर्ष होता. कूटचलन-जालांच्या संरचनालेखनाचा हा थेट पूर्वज होय.

केंद्राविना चालणारे पैशाचे जाल मुंबईला मात्र अनोळखी नव्हते. मुंबईतील सराफ परगावच्या आडत्यावर हुंडी काढत असे. ती हुंडी हस्तांतरित होत होत वटविली जाई आणि रोकड प्रत्यक्ष न हलवता पैसा गावोगावी पोहोचे. शाहजोग, धनीजोग, दर्शनी, मुदती हे हुंडीचे प्रकार व त्यांचे संकेत पेढ्यांच्या परंपरेने ठरलेले होते. १८८१ च्या परक्राम्य पत्र अधिनियमानेही हुंडीबाबतच्या स्थानिक रूढी अबाधित ठेवल्या [⟶ हुंडी]. प्रत्येक सराफाला आपल्या आडत्यांची पारख असे; सबंध जालाचा आराखडा एका ठिकाणी लिहिलेला नसे. १९२९ मध्ये नेमलेल्या भारतीय मध्यवर्ती बँकिंग चौकशी समितीने व तिच्याबरोबरच्या मुंबईसह विविध प्रांतिक समित्यांनी प्रश्नावल्या व साक्षी यांच्या साहाय्याने देशी पेढ्यांच्या व्यवहाराचे चित्र उभे करण्याचा प्रयत्न केला; मध्यवर्ती समितीचा अहवाल १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वातंत्र्योत्तर काळात र. गो. सरैया यांच्या अध्यक्षतेखालील बँकिंग आयोगानेही (१९६९-७२) देशी सराफांसाठी वेगळा अभ्यासगट नेमला. हुंडीचे जाल ओळखीच्या व पतीच्या धाग्यांनी विणलेले होते. बिटकॉइनचे जाल याच्या उलट, अनोळखी संगणकांचे आहे. तेथे पतीची जागा पडताळणीने घेतली आहे. तथापि जालाचे ज्ञान तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले असणे, हे साम्य दोहोंत आहे.

जालाची घडण : सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ रोजी बिटकॉइनची कल्पना मांडणारा नऊ पानी निबंध प्रसृत झाला. ३ जानेवारी २००९ ही तारीख असलेला पहिला ब्लॉक (व्यवहारांचा गठ्ठा) तयार झाला आणि त्यानंतर काही दिवसांत आज्ञावली सर्वांना उपलब्ध झाली. नाकामोतो व संगणकतज्ञ हॅल फिनी यांच्यामध्ये १२ जानेवारी २००९ रोजी १० बिटकॉइनांची देवघेव झाली. दोन व्यक्तींमधील हा पहिला व्यवहार मानला जातो. त्या वेळी जाल इतके लहान होते, की त्याचा नकाशा काढण्याची गरजच नव्हती.

जालातील प्रत्येक सहभागी संगणकास नोड म्हणतात. नव्या नोडला जुने नोड सापडावेत कसे, हा प्रारंभापासूनचा प्रश्न होता. सुरुवातीस त्यासाठी इंटरनेटवरील एका सार्वजनिक गप्पा-वाहिनीचा उपयोग करीत. पुढे काही स्वयंसेवकांनी चालविलेल्या पत्ता-सूचींनी ही जागा घेतली. एकदा काही पत्ते मिळाले, की नोड इतरांकडून आणखी पत्ते मागून घेतो आणि आपल्या सूचीतून यादृच्छिक निवड करून स्वतः होऊन आठ जोडण्या करतो. २०१९ पासून केवळ ब्लॉक पोहोचविण्यासाठी आणखी दोन जोडण्यांची भर पडली. येणाऱ्या व जाणाऱ्या मिळून जोडण्यांची नेहमीची मर्यादा १२५ आहे. नोडला नवा व्यवहार कळला, की तो शेजाऱ्यांना कळवतो, ते त्यांच्या शेजाऱ्यांना कळवतात. गावात वार्ता पसरावी तशी ही वार्ता पसरते.

हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. मुंबईच्या मालाड उपनगरातील एखाद्या सदनिकेत कोणी ही आज्ञावली चालू केली, असे समजू. त्या संगणकाच्या आठ जोडण्यांपैकी एक जर्मनीत, दुसरी अमेरिकेत, तिसरी सिंगापूरमध्ये जाऊ शकेल. शेजारच्याच इमारतीत दुसरा नोड असला, तरी या दोघांची गाठ पडेलच असे नाही. एकाची वार्ता दुसऱ्याला दोन खंडे ओलांडून मिळेल. ग्नुटेलाच्या बाबतीत आढळलेली विसंगती ती हीच. याशिवाय भारतातील अनेक घरगुती इंटरनेट-जोडण्यांत पुष्कळ ग्राहक मिळून एकच सार्वजनिक पत्ता वापरतात. परिणामी मालाडमधील हा नोड स्वतः बाहेर जोडण्या करू शकेल, परंतु बाहेरून आलेल्याला त्याचे दार सापडणार नाही. दारोदार ठोठावत जाणाऱ्या मापकाच्या नकाशात तो दिसतच नाही. म्हणून नोडांचे पोहोचण्याजोगे व न पोहोचण्याजोगे असे दोन वर्ग करतात. २०१३ पासून बिटनोड्स या उपक्रमाने प्रसिद्ध केलेली मोजदाद पहिल्या वर्गाची आहे. दुसरा वर्ग संख्येने त्याहून कितीतरी मोठा असल्याचे पुढील अभ्यासांत दिसून आले. कोणत्या देशात किती नोड आहेत हे दाखविणारे नकाशे पाहताना ही मर्यादा ध्यानात ठेवावी लागते. नकाशात विरळ दिसणारा प्रदेश प्रत्यक्षात तसा असेलच, असे त्यावरून ठरत नाही.

व्यवहारजालाचे आलेखन : बिटकॉइनची खातेवही सर्वांना खुली असल्याने पहिले यश याच बाजूस मिळाले. २०११ मध्ये डब्लिन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फर्गल रीड व मार्टिन हॅरिगन यांनी सबंध खातेवहीचा आलेख तयार केला व त्याच वर्षी झालेल्या सु. २५,००० बिटकॉइनांच्या एका चोरीचा प्रवाह त्यावर दाखविला. एकाच देण्यासाठी अनेक पत्त्यांवरील रकमा एकत्र केल्या असतील, तर ते सर्व पत्ते बहुधा एकाच्याच मालकीचे असतात, हे त्यांचे मुख्य सूत्र होते. अशा व्यवहारांतून पत्त्यांची मालकी उघड होते, हे नाकामोतो यांच्या मूळ निबंधातही नमूद आहे. इझ्राएलमधील वाइझमन संस्थेतील डोरिट रॉन व आदी शमीर यांनी २०१२ मध्ये याच पद्धतीने पैशाच्या साठ्यांचा व वहनाचा संख्यात्मक अभ्यास केला.

२०१३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतील सारा मिकलजॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी यापुढचे पाऊल टाकले. त्यांनी विविध विनिमय केंद्रे, दुकाने व जुगाराच्या सेवा यांच्याशी स्वतः शेकडो लहान व्यवहार केले. त्यायोगे त्या सेवांचे काही पत्ते निश्चित कळले. मग वरील सूत्राने व 'सुट्या' पैशाचा पत्ता ओळखण्याच्या आणखी एका सूत्राने त्या पत्त्यांशी निगडित असे मोठमोठे पुंजके नावानिशी ओळखता आले. बिटकॉइन निनावी असते, हा त्या काळी रूढ असलेला समज या अभ्यासाने दुबळा झाला. पत्ता हे टोपणनाव आहे, आणि त्या टोपणनावाखाली झालेला प्रत्येक व्यवहार कायमचा लिहून ठेवलेला असतो. एका ठिकाणी खरे नाव जुळले, की मागचे पुढचे सर्व उघड होते. यानंतर लवकरच अशा विश्लेषणाचा व्यवसाय करणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि पोलिस व करखाती त्यांचे गिऱ्हाईक झाली. उलट बाजूने अनेकांचे व्यवहार एकत्र मिसळून वरील सूत्रे फसविण्याच्या युक्त्याही निघाल्या. त्यामुळे पुंजके पाडण्याच्या पद्धतीने काढलेला निष्कर्ष हा संभाव्य असतो. तो पुराव्यादाखल वापरताना इतर पुराव्यांची जोड लागते.

संदेशजालाचे आलेखन : झाकलेल्या जालाचा शोध हे यापेक्षा अवघड काम होते. २०११ मध्ये सुरक्षातज्ञ डॅन कॅमिन्स्की यांनी असे निदर्शनास आणले, की सर्व नोडांशी एकाच वेळी जोडून घेणाऱ्यास एखादा व्यवहार सर्वप्रथम जो नोड कळवील, तोच बहुधा त्याचा उगम असेल. २०१३ मध्ये त्सूरिक येथील संघीय तंत्रज्ञान संस्थेतील क्रिस्टिआन डेकर व रोगर व्हाटेनहोफर यांनी वार्ता पसरण्याचा वेग मोजला. नवा ब्लॉक निम्म्या नोडांपर्यंत पोहोचण्यास सु. ६·५ सेकंद लागत. चाळीस सेकंदांनंतरही पाच टक्के नोड त्यापासून अनभिज्ञ असत. या अवधीत दुसऱ्याने वेगळा ब्लॉक काढल्यास नोंदवहीला तात्पुरत्या दोन शाखा फुटतात, हे त्यांनी दाखविले. म्हणजे जालाचा आकार हा केवळ कुतूहलाचा विषय नसून चलनाच्या सुरक्षिततेशी त्याचा थेट संबंध आहे. २०१६ मध्ये संक्षिप्त स्वरूपात ब्लॉक पाठविण्याची पद्धत आल्यावर हा विलंब पुष्कळ घटला.

२०१४ मध्ये लक्सेंबर्ग विद्यापीठातील आल्येक्स बिर्युकॉव्ह, द्मीत्री खोव्ह्राटोविच व इव्हान पुस्तोगारॉव्ह यांनी प्रत्येक नोडच्या आठ बाह्य जोडण्यांचा समूह हा जणू त्याचा अंगठ्याचा ठसा असतो, असे प्रतिपादन केले. हा समूह ओळखता आला, तर सार्वजनिक पत्त्याआड दडलेल्या, म्हणजेच मालाडच्या उदाहरणातील नोडसारख्या संगणकाचे व्यवहारही वेगळे काढता येतात. अशा रीतीने न दिसणारा नोड सुरक्षित असतो, ही समजूतही डळमळीत झाली.

प्रत्यक्ष जोडण्यांचा पहिला विस्तृत नकाशा २०१५ मध्ये मेरिलँड विद्यापीठातील अँड्रू मिलर व सहकाऱ्यांनी सादर केला. नोड आपल्या सूचीतील पत्ते इतरांना देताना प्रत्येक पत्त्याबरोबर तो शेवटी केव्हा आढळला, ती वेळही देत असे. प्रत्यक्ष जोडलेल्या शेजाऱ्याची वेळ सतत ताजी होई, ऐकीव पत्त्याची होत नसे. एवढ्याशा फरकावरून कोणता पत्ता खरा शेजारी आहे, हे अभ्यासकांनी ताडले. जोडण्या यादृच्छिक असाव्यात असा मूळ संकल्प असला, तरी प्रत्यक्षात काही नोडांना इतरांपेक्षा पुष्कळच जास्त जोडण्या असल्याचे त्यांना आढळले. सु. दोन टक्के नोडांमागे तीन चतुर्थांश खननसामर्थ्य असल्याचा त्यांचा अंदाज विशेष गाजला (नवे ब्लॉक तयार करण्याच्या स्पर्धेस खनन म्हणतात). ही पद्धत कळताच आज्ञावलीच्या विकासकांनी त्याच वर्षी वेळेची ती खूण पुसून टाकली. परिणामी तोच नकाशा पुन्हा त्याच रीतीने काढणे अशक्य झाले. शोध, दुरुस्ती व नवा शोध असे हे चक्र पुढेही चालू राहिले.

केंद्रहीनतेचे मापन : २०१५ मध्येच ईथन हाइलमन, आलिसन केंडलर, आव्हीव झोहर व शॅरन गोल्डबर्ग यांनी 'ग्रहण-हल्ल्या'चे विवेचन केले. एखाद्या नोडचे सर्व शेजारी हल्लेखोराचेच असले, तर त्या नोडला बाहेरचे खरे जग दिसतच नाही. हल्लेखोर दाखवील ते चित्र तो खरे मानतो. २०१७ मध्ये मारिया आपोस्तोलाकी, झोहर व लॉरां व्हॅनबेव्हर यांनी याच प्रश्नाचा इंटरनेटच्या मार्गांच्या बाजूने विचार केला. जगभर पसरलेल्या नोडांपैकी सु. ३० टक्के नोड केवळ तेरा सेवापुरवठादारांच्या जालांत होते आणि बिटकॉइनच्या सु. ६० टक्के जोडण्या अवघ्या तीन मोठ्या वाहक कंपन्यांच्या जालांमधून जात होत्या. २०१८ मध्ये आदेम एफे गेन्जर व सहकाऱ्यांनी बिटकॉइन व इथेरियम या दोन जालांची तुलना प्रसिद्ध केली. बिटकॉइनचे निम्म्याहून अधिक नोड व्यावसायिक संगणकगृहांत होते. बिटकॉइनमध्ये चार व इथेरियममध्ये तीन खननकर्त्यांकडे मिळून निम्म्याहून अधिक खननसामर्थ्य होते. आकडे त्या त्या काळाचे आहेत व पुढे ते बदलले. इथेरियमने तर सप्टेंबर २०२२ मध्ये खननाची पद्धतच सोडून दिली. तथापि या अभ्यासांचा मथितार्थ टिकून आहे. आज्ञावली सर्वांना समान वागवीत असली, तरी भांडवल, वीज, तारा व भाड्याचे संगणक यांच्या मार्गाने केंद्रे पुन्हा तयार होतात. बॅरन यांच्या तिसऱ्या आकृतीप्रमाणे सुरू झालेले जाल कालांतराने दुसऱ्या आकृतीकडे झुकते.

जुलै २०१५ मध्ये सुरू झालेल्या इथेरियमच्या जालात पत्ते शोधण्याची पद्धत निराळी, म्हणजे कडेम्लिया या नावाने ओळखली जाणारी आहे. तिच्यात शेजारी शोधणे व प्रत्यक्ष जोडणी करणे या वेगवेगळ्या क्रिया असल्याने नोड सापडला, तरी जोडण्या कळत नाहीत. २०१८ नंतर त्याही जालाचे मापन झाले व २०२१ मध्ये व्यवहार बदलून पाठविण्याच्या सोयीचा उपयोग करून प्रत्यक्ष जोडण्या ताडण्याची पद्धत मांडली गेली.

संरचनालेखनाची नीती : नकाशा प्रसिद्ध केल्याने जाल दुबळे होते की सुधारते, हा वाद या क्षेत्रात प्रथमपासून आहे. २०१८ मध्ये सर्जी देल्गादो-सेगुरा व सहकाऱ्यांनी जोडण्या ताडण्याची एक अचूक पद्धत शोधून काढली. परंतु चालू जालास अपाय होऊ नये म्हणून ती मूळ जालावर न वापरता चाचणीसाठी असलेल्या वेगळ्या जालावरच राबविली. हा संयम या शाखेतील एक आदर्श मानला जातो. दुसरीकडे संदेशांचा उगम लपविण्याचे उपायही पुढे आले. शैलेश्वर बोज्जा वेंकटकृष्णन, ज्यूलिया फांटी व प्रमोद विश्वनाथ यांनी २०१७ मध्ये 'डँडेलियन' ही योजना मांडली. तीत व्यवहार प्रथम एका सरळ रांगेने काही नोडांतून पुढे जातो व नंतरच चहूकडे पसरतो. बिटकॉइनच्या मुख्य आज्ञावलीत ती घेतली गेली नाही. मात्र तिची सुधारित आवृत्ती २०२० मध्ये मोनेरो या चलनाने स्वीकारली. बिटकॉइनच्या नोडांमधील संभाषण सांकेतिक करण्याची सोय २०२४ च्या आवृत्तीपासून आपोआप लागू झाली. त्यामुळे वाटेत बसून संदेश वाचणाऱ्याचे काम कठीण झाले. परंतु नोड बनून जालात शिरणाऱ्या मापकाला त्याने अटकाव होत नाही.

भारत व महाराष्ट्र : भारतीय रिझर्व्ह बँकेने २४ डिसेंबर २०१३ रोजी आभासी चलनांच्या धोक्यांविषयी जनतेस प्रथम सावध केले. ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना या व्यवहारांशी संबंध ठेवण्यास मनाई करण्यात आली. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द ठरविले. २०२२ मध्ये अशा मत्तेवरील नफ्यावर ३० टक्के प्राप्तिकर व हस्तांतरणाच्या वेळी १ टक्का करकपात सुरू झाली आणि ७ मार्च २०२३ च्या अधिसूचनेने विनिमय केंद्रांना काळ्या पैशाच्या प्रतिबंधविषयक कायद्याखाली आणण्यात आले. या सर्व उपायांत शासनाची दृष्टी संदेशजालाकडे नाही. जेथे रुपयाचे कूटचलनात व कूटचलनाचे रुपयात रूपांतर होते, त्या दारांवर ती खिळलेली आहे. व्यवहारजालाच्या नकाशात नावे जुळतात ती या दारांपाशीच, हे त्याचे कारण.

नकाशाच्या सामर्थ्याची व मर्यादांची दोन उदाहरणे महाराष्ट्रात घडली. बिटकॉइनमध्ये दरमहा मोठ्या परताव्याचे आमिष दाखविणाऱ्या 'गेनबिटकॉइन' या योजनेविरुद्ध २०१८ मध्ये पुणे येथे गुन्हे नोंदविण्यात आले व तिच्या प्रवर्तकास त्या वर्षी एप्रिलमध्ये अटक झाली. वॉलेटे (कूटचलनाच्या किल्ल्या ठेवण्याची साधने) उघडून पाहणे व पैशाचा माग काढणे ही कामे पोलिस दलास नवी असल्याने बाहेरच्या तज्ञांचे साहाय्य घेण्यात आले. मार्च २०२२ मध्ये या साहाय्यकांपैकीच दोघांना पुणे पोलिसांनी अटक केली. तपासाच्या निमित्ताने हाताशी आलेले काही चलन त्यांनी परस्पर अन्यत्र वळविले, असा त्यांच्यावर आरोप होता. पुढे मूळ योजनेचा तपास सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. आरोपांचा निवाडा हा न्यायालयाचा विषय आहे. तथापि नकाशा वाचण्याची विद्या मोजक्याच माणसांपाशी असली, तर त्या माणसांवर देखरेख कोण ठेवणार, हा प्रश्न या प्रकरणाने ठळकपणे पुढे आणला. हुंडीच्या काळी सराफाची वही तपासण्यास दुसरा जाणता सराफ मिळत असे. येथे नोंदवही खुली असूनही ती वाचणारे थोडे होते.

दुसरे उदाहरण मुंबईतील आहे. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या मुंबईस्थित विनिमय केंद्राच्या एका वॉलेटमधून सु. २३ कोटी डॉलर (सु. २,००० कोटी रु.) किंमतीची कूटचलने लुबाडली गेली. हे वॉलेट उघडण्यास एकाहून अधिक स्वाक्षऱ्यांची अट होती. तरीही चोरी झाली. बहुतांश रक्कम इथेरियमच्या जालावरील असल्याने तिचा प्रवास जगातील कोणासही पाहता येत होता आणि अनेक स्वतंत्र विश्लेषकांनी तो त्याच दिवशी पाहिलाही. मिसळणाऱ्या सेवांतून पैसा पुढे सरकत गेला. १४ जानेवारी २०२५ रोजी अमेरिका, जपान व दक्षिण कोरिया यांनी संयुक्त निवेदनाद्वारे या चोरीचे उत्तरदायित्व उत्तर कोरियाशी संबंधित गटाकडे असल्याचे जाहीर केले. वाट दिसली, वाटेवरचा प्रवासीही ओळखला गेला. परंतु वाट अडविण्याचा अधिकार कोणापाशीही नव्हता. ठेवीदारांना आपल्या पैशासाठी दीर्घकाळ तिष्ठत राहावे लागले. या ठेवीदारांचे चलन विकेंद्रित जालावर असले, तरी त्याच्या किल्ल्या एकाच संस्थेच्या ताब्यात होत्या, हेही लक्षणीय आहे. चोरी झाली ती जाल फोडून नव्हे. जालाच्या काठावर निर्माण झालेले केंद्र फुटल्यामुळे झाली.

मूल्यमापन : कूटचलन-जालांच्या संरचनालेखनाने अल्पावधीत तीन गोष्टी स्थिर केल्या. केंद्रहीनता हा एकच गुण नसून नोडांची संख्या, त्यांचे इंटरनेटवरील स्थान, खननसामर्थ्याची वाटणी व किल्ल्यांचा ताबा अशा अनेक अंगांनी ती वेगवेगळी मोजावी लागते. एका अंगाने विखुरलेले जाल दुसऱ्या अंगाने एकवटलेले असू शकते. दुसरे, खुली नोंदवही व निनावीपणा या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. तिसरे, प्रत्येक नकाशा हा काढणाऱ्याच्या साधनांनी मर्यादित असतो आणि न दिसणाऱ्या नोडांचे प्रमाण सांगितल्याशिवाय तो अपुरा राहतो. हुंडीचे जाल समजून घेण्यासाठी चौकशी समित्यांना सराफांच्या साक्षींवर विसंबावे लागले. कूटचलनाच्या अभ्यासकांना संगणकांच्या अनवधानाने राहिलेल्या खुणांवर विसंबावे लागते. सामान्य ठेवीदाराच्या दृष्टीने या सर्व अभ्यासाचा उपयोग एवढाच, की आपला पैसा कोणत्या जालावर आहे, या प्रश्नाआधी त्याची किल्ली कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न विचारावयास तो शिकवतो.